परसातील पाहुणे आणि दयेचा हिशेब

तीन वर्षांपूर्वीच्या कार्तिकातील एक पहाट. सामायिक आटोपून मी मागच्या पडवीत आलो, तेव्हा पूर्वेला नुकते फटफटू लागले होते. गवतावर दंव होते. परसाच्या टोकाला असलेल्या आवळ्याखाली काहीतरी हलल्यासारखे वाटले. शेजाऱ्यांची शेळी दावे तोडून आली असावी असे समजून मी हटकणार, इतक्यात त्या आकृतीने मान वर केली. अंगावर पांढरे ठिपके, ताठ झालेले कान आणि माझ्यावर रोखलेले दोन काळेभोर डोळे. तिच्या मागे आणखी दोन माद्या आणि एक पाडस उभे होते. आम्ही एकमेकांकडे किती वेळ पाहत राहिलो ते सांगता येणार नाही. मग पुढच्या मादीने एक पाय जमिनीवर आपटला आणि चौघेही बांधावरून उडी मारून उसात दिसेनासे झाले.

छत्तीस वर्षे बँकेत आकडेमोड करणाऱ्या माणसाला असे काही पाहण्याची सवय नसते. मी घरात जाऊन सौभाग्यवतींना उठवले, तेव्हा माझा आवाज कापत होता.

हे घर कराडचे नव्हे. कराडपासून सुमारे तासाभराच्या अंतरावर, सांगली जिल्ह्यात, सागरेश्वर अभयारण्याच्या पायथ्याच्या एका गावी आमच्या आजोबांनी किराणा-भुसाराचे दुकान थाटले होते. वडिलांच्या काळी दुकान कराडला आले. गावी राहिले ते जुने घर, मागे वीस गुंठ्यांचा परसू, एक आवळा, दोन पेरू, एक चिंच आणि पाण्याचा दगडी हौद. निवृत्तीनंतर दर शरदात महिना-दीड महिना आम्ही उभयता तेथे जाऊन राहतो. कराडच्या बाजारपेठेतील गजबजाटानंतर ही शांतता औषधासारखी वाटते.

आपल्यापैकी अनेकांनी सागरेश्वर सहलीच्या निमित्ताने पाहिले असेल. पण ते कसे उभे राहिले हे ठाऊक असणारे थोडे. महाराष्ट्रातील बहुतेक अभयारण्ये जुन्या जंगलांवर झाली. सागरेश्वरचे तसे नाही. येथील डोंगर एकेकाळी उघडेबोडके माळ होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोक आणि वनखाते यांची साथ मिळाली, डोंगरावर झाडे लावली गेली, ती जगवली गेली आणि त्यानंतर तेथे हरणे आणून सोडण्यात आली. १९८५ मध्ये या क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. आज त्याचे नाव यशवंतराव चव्हाण सागरेश्वर वन्यजीव अभयारण्य असे आहे, आणि ते योग्यच आहे. कारण यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी याच डोंगराच्या कुशीतील देवराष्ट्रे या त्यांच्या आजोळी झाला. ते शिकले कराडला आणि त्यांची समाधीही कराडलाच, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर. म्हणजे आम्हा कराडकरांचे या डोंगराशी नाते जुने आहे.

अभयारण्याचे क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे १,०८७ हेक्टर. कडेगाव, पलूस आणि वाळवा या तीन तालुक्यांच्या सीमेवर ते वसलेले आहे. वरच्या कड्यावर उभे राहिले की खाली कृष्णेचे पात्र आणि क्षितिजापर्यंत पसरलेले उसाचे हिरवे मळे दिसतात. आमच्या लहानपणी यातील बराच भाग कोरडवाहू होता. ताकारी उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी वर आले आणि माळाचे मळे झाले. हरणांच्या दृष्टीने पाहिले तर एका बाजूला चौफेर वेढलेले लहानसे जंगल आणि कुंपणापलीकडे बारमाही कोवळा चारा. कुंपण जेथे खचले असेल, ओढ्याच्या पाण्याने जेथे खालून वाट झाली असेल, तेथून ती बाहेर पडतात. काही तर आता उसातच दिवस काढतात.

त्या शरदात मी रोज पहाटे पडवीत बसू लागलो. हळूहळू ओळख पटू लागली. ठिपकेवाले ते चितळ. त्याच्या नराला फांद्यांची शिंगे असतात, प्रत्येक शिंगाला साधारणतः तीन टोके. ती दरवर्षी गळून पडतात आणि नवी उगवतात. नवी शिंगे मखमली लवेने मढलेली असतात. सांबर चितळाहून कितीतरी मोठे, गडद तपकिरी. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंहून अधिक भरतो. पण तो इतका सावध की बहुधा रात्रीच हिंडतो. दोनदाच मला त्याची सावली दिसली. एरवी हौदाकाठच्या चिखलातील खुरांवरूनच त्याची हजेरी कळे. काळवीट मात्र शास्त्राच्या दृष्टीने या कुळातले नव्हेच. त्याची पिळदार शिंगे पोकळ असतात आणि आयुष्यभर गळत नाहीत. त्याला उघडा माळ प्रिय. आमच्या झाडाझुडपांच्या परसात तो कधी आला नाही.

चितळे आवळ्यासाठी येत. शरदाच्या अखेरीस आवळा गळू लागतो आणि हे फळ त्यांच्या विशेष आवडीचे. ती आख्खे फळ गिळतात. पुढे निवांत जागी रवंथ करताना टणक बी तोंडावाटे बाहेर टाकतात. तेथेच पुढच्या पावसात रोप उगवते. म्हणजे फळाची किंमत ती बी पेरून चुकती करतात. हा व्यवहार मला फारच आवडला.

येथपर्यंत सारे ठीक होते. चूक पुढे झाली, आणि ती आमची होती.

घरी आलेल्या पाहुण्याला उपाशी कसे पाठवायचे, असा सौभाग्यवतींचा प्रश्न. मलाही तो पटला. पहिल्या दिवशी परातीत दोन भाकरी कुस्करून ठेवल्या. मग भिजवलेले हरभरे, मग थोडा गूळ. आठवड्याभरात चाराची सात झाली, पंधरवड्यात अकरा. कराडहून नातेवाईक गाड्या करून पाहायला येऊ लागले. माझा सहा वर्षांचा नातू खिडकीतून बोटांवर मोजत असे. सोळाव्या तीर्थंकरांचे, श्री शांतिनाथ प्रभूंचे लांछन हरीण आहे हे त्याला पाठशाळेत शिकवलेले. तो म्हणाला, ‘आजोबा, देवाची हरणं आपल्याकडे जेवायला येतात!’ हे ऐकून माझी छाती फुगली नाही असे म्हटले तर ते असत्य ठरेल.

परातीतील भाकरीचा वास मात्र हरणांपुरता राहिला नाही. गावातील चार-पाच मोकाट कुत्रीही येऊ लागली. एका पहाटे आरडाओरड ऐकून मी बाहेर धावलो. कुत्र्यांनी पाडसाला हौदापाशी गाठले होते. काठी घेऊन मी त्यांना हाकलले. पण तोवर उशीर झाला होता. आम्ही वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. वनरक्षक येईपर्यंत त्या जिवाने माझ्यासमोर मान टाकली. मी शेजारी बसून नवकार म्हणत होतो. त्याखेरीज माझ्या हातात काही उरले नव्हते.

वनरक्षक तरुण होता. त्याचा स्वर अदबशीर होता. पंचनामा करताना त्याची नजर परातीकडे गेली. तो म्हणाला, ‘काका, रागावू नका, पण ही परात इथं नसती, तर ती इतक्या जवळ आली नसती आणि कुत्रीबी आली नसती.’ मग त्याने समजावून सांगितले. हरीण हे रवंथ करणारे जनावर. त्याच्या जठरातील सूक्ष्म जीव पाल्या-गवतावर जगणारे. अचानक धान्य, भाकरी, गूळ पोटात गेला की तेथे आम्ल वाढते आणि जनावर आजारी पडते, प्रसंगी दगावतेही. शिवाय माणसाच्या हातचे खाण्याची सवय लागली की त्याची भीती मोडते. आणि भीती हेच तर त्याचे चिलखत. जंगली प्राण्याला पकडणे वा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, एवढेच मला आजवर ठाऊक होते. खाऊ घालूनही आपण त्याला हळूहळू पाळीवच करत असतो, हे त्या दिवशी कळले.

न्यू जर्सीत राहणाऱ्या पुतणीला हे फोनवर सांगितले, तेव्हा ती म्हणाली की तिकडेही शरदात पांढऱ्या शेपटीची हरणे घरामागच्या हिरवळीवर येतात आणि गुलाबाच्या कळ्या खाऊन जातात. तो त्यांचा मीलनाचा हंगाम असल्याने रस्त्यांवर गाड्यांना धडकण्याचे प्रकारही याच दिवसांत वाढतात. तेथील अनेक ठिकाणी त्यांना खाऊ घालण्यास कायद्याने मनाई आहे. एकाच जागी कळप गोळा झाला की रोग झपाट्याने पसरतात, हे त्याचे एक प्रमुख कारण. म्हणजे दोन भिन्न देशांत एकच धडा.

परात त्याच दिवशी आत गेली. परंतु हिशेब अजून पुरा व्हायचा होता.

चार दिवसांनी बांधापलीकडचे शेतकरी सकाळी पडवीत आले. आमच्या वडिलांपासूनचा घरोबा. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग खाली पाहत ते म्हणाले, ‘सायब, अर्धा एकर हरभरा केलता. शेंडाबी ऱ्हायला न्हाई. तुमची पाव्हणी तुमच्याकडं येतात नाश्त्याला आन् जेवायला माझ्या रानात.’ मी काही बोलण्यापूर्वीच ते पुढे म्हणाले, ‘तुमच्यात मुंगीलाबी मारत न्हाईत, ते चांगलंच हाय. मीबी काय हरणावर दगूड टाकला न्हाई. पर पोट भरतंय माझ्या रानात आन् पुण्य जमा हुतंय तुमच्या खात्यावर, ह्यो कसला हिशोब?’

उठताना त्यांनी जे सांगितले त्याने माझ्या अंगावर काटा आला. त्यांचा धाकटा मुलगा बांधाने तार ओढून रात्री थेट खांबावरची वीज सोडायची म्हणत होता. अशा तारेने हरीण मरते, गाय मरते आणि अंधारात पाणी पाजायला निघालेला माणूसही मरतो. पहिल्याप्रथम मरणार होती ती माझ्या परातीने धीट झालेली चितळे.

त्या रात्री मला झोप आली नाही. आठवत राहिला तो नव्वदच्या दशकातील एक कागद. ज्या बँकेत मी होतो तिच्या एका ग्रामीण शाखेत पीककर्जाची प्रकरणे माझ्या टेबलावर येत. एका शेतकऱ्याने कर्जाच्या मुदतवाढीसाठी अर्ज केला होता आणि नुकसानीच्या कारणापुढे तीन शब्द लिहिले होते, ‘हरणांनी खाल्ले सारे’. अवर्षण, अतिवृष्टी, गारपीट ही कारणे मला ठाऊक होती. हरीण हे कारण मला बहाणा वाटले. मी लाल शाईने शेरा मारला, ‘कारण ग्राह्य नाही’. शेतावर जाऊन पाहणे माझ्या अधिकारात होते. मी गेलो नाही. त्या माणसाचा चेहराही आज आठवत नाही. शेरा मात्र अक्षर न् अक्षर आठवतो.

शांतिनाथ प्रभूंच्या पूर्वभवाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ते मेघरथ राजा असताना बहिरी ससाण्याच्या भयाने एक कबुतर त्यांना शरण आले. ससाणा म्हणाला, माझे भक्ष्य तू ठेवून घेतोस, मग मी उपाशी मरायचे काय? राजाने ससाण्याला खोटे ठरवले नाही. कबुतराच्या भारंभार मांस त्याने स्वतःच्या देहातून कापून दिले आणि पारडे तरीही उचलेना, तेव्हा तो स्वतः तराजूत बसला. लहानपणापासून ही कथा मी करुणेची म्हणून ऐकली. त्या रात्री प्रथमच ती मला तराजूची कथा वाटली. आम्ही व्यापारी लोक. तराजू आम्हाला शिकवावा लागत नाही. राजाने भूक दोघांचीही खरी मानली आणि जे द्यायचे ते आपल्या अंगातून दिले, प्रजेतील कोणाच्या शेतातून नव्हे. मी मात्र परातभर भाकरी देऊन पुण्य जमेला धरले होते आणि नावेची बाजू शेजाऱ्याच्या वहीत लिहिली होती. बँकेत अशी नोंद करणाऱ्याला आम्ही काय म्हणत होतो, ते येथे लिहीत नाही.

सकाळी उठून मी बांध ओलांडला. आयुष्यात प्रथमच मी ते शेत आतून पाहिले. हरभऱ्याचे शेंडे कात्रीने कापावेत तसे कातरलेले आणि मऊ मातीत सर्वत्र जोडखुरांच्या खुणा. मी दोन गोष्टी सांगितल्या. वन्यप्राण्यांनी पिकाचे नुकसान केल्यास शासन भरपाई देते. त्याचा अर्ज मी भरतो. आणि बी-बियाण्याचा दुसऱ्या पेऱ्याचा खर्च माझा.

अर्जाचे काम माझ्या हातचे होते. सात-बारा, आधार, पासबुकाची प्रत, नुकसानीची छायाचित्रे असे सारे जोडून त्याच दिवशी वनक्षेत्रपाल कार्यालयात दिले. अशा अर्जात वेळ फार मोलाचा; खुरांच्या खुणा पुसल्या की पुरावा जातो. वन, कृषी व महसूल खात्यांचे लोक येऊन पंचनामा झाला. काही महिन्यांनी रक्कम खात्यावर जमा झाली. ती नुकसानीइतकी नव्हती, पण काहीच नव्हते असेही नाही.

बियाण्याचे पैसे मात्र त्यांनी नाकारले. ‘दान नको, सायब. भागी व्हा,’ एवढेच ते म्हणाले. मग आम्ही भागीदारीच केली. त्यांचे शेत आणि आमचा परसू यांना मिळून सौर कुंपण घातले. या कुंपणात सूर्यप्रकाशावर भरणाऱ्या बॅटरीतून क्षणभराचा झटका येतो. जनावर बिचकून मागे फिरते, जीव जात नाही. अशा कुंपणासाठी शासकीय योजनेतून अनुदान मिळू शकते, त्याचीही खटपट केली. आमच्या वाट्याचा खर्च निम्मा-निम्मा. कागद मी लिहिला, सह्या दोघांच्या. त्या धाकट्या मुलानेच खांब रोवले आणि बॅटरीची देखभालही तोच करतो. विजेच्या तारेचा विषय पुन्हा निघाला नाही.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची घरे, गोदामे, शेते आता गावाबाहेर डोंगराच्या कडेला होऊ लागली आहेत. जीवदया आपल्या रक्तात आहे. पांजरापोळांना आपण सढळ हाताने देतो. म्हणून अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. वन्यप्राणी परसात आले तर दुरून, आवाज न करता पाहावे. खाऊ घालू नये. उरलेले अन्न उघड्यावर टाकू नये, त्याने कुत्री येतात. जखमी वा अडकलेले जनावर दिसल्यास स्वतः उचलू नये, १९२६ वर कळवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, ते जनावर रात्री कोणाच्या शेतात चरते याची चौकशी करावी व त्या शेतकऱ्याचा अर्ज भरून द्यावा. आपल्या घराघरांत वाणिज्य शिकलेली मुले आहेत. एक अर्ज नीट भरणे हीदेखील जीवदयाच आहे.

यंदाच्या शरदात आम्ही पुन्हा गेलो. परसाची मागची पाच गुंठे जागा, आवळ्यासकट, आम्ही कुंपणाबाहेर सोडली आहे. पहिले आठ दिवस कोणी आले नाही. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, पण रोज पहाटे त्या माझ्याआधी पडवीत असत. नवव्या दिवशी दोन माद्या आल्या. आता त्या बुजतात. आमच्या खुर्चीचा आवाज झाला तरी पाय आपटतात आणि दूर जातात. नातवाला याचे वाईट वाटले. ‘आजोबा, त्या आपल्याला विसरल्या का?’ त्याने विचारले. मी म्हटले, ‘हो, आणि ते बरे झाले.’ तो थोडा वेळ विचारात पडला, मग खिडकीतून पुन्हा मोजू लागला.

गतवर्षी पौषात आम्ही कराडला असताना एके दिवशी दारात एस.टी.ने आलेले एक पोते उतरले. आत हरभऱ्याचा डहाळा होता, घाट्यांनी लगडलेला, मुळांना माती तशीच लागलेली. सोबत चिठ्ठी नव्हती. सौभाग्यवतींनी तो शेजारीपाजारी वाटला. मी माझ्या वाट्याचे चार घाटे सोलले आणि मोजून खाल्ले. त्यांतला एकही फुकटचा नव्हता.